आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, दोन लहान मुलं आणि नऊ महिने

आधीच सांगते, दुर्बीण चांगली आहे. चुकलो आम्ही, आणि ते मापात. "मुलांसाठी घेतोय" असं घरभर सांगून मागवलेली वस्तू धाकट्याच्या डोळ्यांना बसतच नाही, हे पार्सल फोडल्यावर पाचव्या मिनिटाला कळलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या मापाच्या बहुतेक दुर्बिणींना लागू पडेल.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात घेतली. ८,४०० रुपये. थोरली सात वर्षांची, दुसरीत. धाकट्याला नुकतंच चौथं पुरं झालं होतं. दोन दिवस कुठल्यातरी रिसॉर्टवर पैसे ओतण्यापेक्षा दुर्बीण घेऊ आणि वर्षभर सोलापूरच्या भोवती गाडी काढून हिंडू, असा नवऱ्याचा बेत. आपल्या सोलापुरात 'इथं बघायला आहेच काय' म्हणायची एक खोड आहे. ती मलाही होती, त्यामुळे मी फारशा उत्साहाने हो म्हटलं नव्हतं.

दहा पट मोठं दाखवणारी घ्यायची असं आमचं ठरत आलं होतं. पुण्याच्या मावसभावाने अडवलं. म्हणाला, जितकी पट जास्त तितकी हाताची थरथरही जास्त दिसते, आणि चित्राचा घेर लहान होतो. मुलांना पक्षी त्या घेरात सापडायलाच वेळ लागतो, तोवर तो उडून जातो. आठ म्हणजे आठ पट, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. पहाटेच्या अंधुक उजेडात याचा फरक खरंच कळतो. मावसभावाचं हे म्हणणं नऊ महिन्यांनंतरही मला शंभर टक्के पटतं.

त्याने सांगितलं नाही ते डोळ्यांमधल्या अंतराचं. दुर्बिणीच्या दोन नळ्या बिजागरीवर जवळ-लांब करता येतात, पण आमची छप्पन्न मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाही. शाळेची पट्टी घेऊन मी दोघांच्या बुबुळांमधलं अंतर मोजलं. थोरलीचं पंचावन्न, म्हणजे कसंबसं जमलं. धाकट्याचं एकोणपन्नास. त्याला एका डोळ्याने चित्र दिसायचं आणि दुसऱ्याने काळोख, आणि तो बिचारा मोठ्या माणसांची मनं राखायला "दिसला, दिसला" म्हणायचा. काय दिसलं विचारलं की, "अंधार."

पहिली फेरी नान्नजची, बार्शी रोडने वीसेक किलोमीटर. माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. आधी त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, आता बाराशे बावीस. माळढोक दिसेल ही आशा घेऊन जाऊ नका, मुलांना तर आधीच सांगून ठेवा. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, त्यात हा जड पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि उडता उडता विजेच्या तारांवर आदळतो. आमचे आबा, म्हणजे सासरे, यांनी तरुणपणी तो पाहिलाय. ते गाडीत पुढच्या सीटवर बसून "त्या तिथं, त्या बांधाच्या पलीकडं असायचे" एवढंच सांगत राहिले.

आम्हाला दिसली काळविटं. तांबूस रंगाच्या माद्यांचा कळप आणि मधोमध एक काळाकुट्ट नर, पोट पांढरं, शिंगं पिळाची. नुसत्या डोळ्यांना तो कळप म्हणजे ढेकळंच वाटतात. दुर्बिणीतून त्याच्या शिंगांचे पीळ मोजता येत होते, आणि थोरलीने मोजलेही. "आई, याची शिंगं स्क्रूसारखी आहेत, मग ती फिरवून काढता येतात का?" वर एक भोवत्या गवतावरून अगदी खालून घिरट्या घालत होता, थंडीत येणारा हा शिकारी पक्षी चेहऱ्याने जरा घुबडासारखा दिसतो. दिवस उगवायच्या आत पोचलो होतो म्हणून हे सगळं. नऊनंतर माळावर उन्हाची झळ नाचायला लागते आणि कितीही महागडी दुर्बीण असो, चित्र पाण्यात पडल्यासारखं हलतं.

येताना एक धडा मिळाला. थोरली चालत्या गाडीतून दुर्बीण लावून बाहेर बघत बसली. पंधरा मिनिटांत तोंड पांढरं, आणि सकाळचे धपाटे सीटवर. तेव्हापासून नियम असा: चाकं फिरत असतील तर दुर्बीण पिशवीत. हा नियम मुलांपेक्षा नवऱ्याला पाळायला जास्त जड गेला, कारण चालवता चालवता त्याला प्रत्येक तारेवर शिक्रा दिसतो.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत एक दुर्बीण धाकट्यालाही मिळाली, दीडशे रुपयांची, प्लास्टिकची, निळी. त्यातून काहीही मोठं दिसत नाही, पण ती त्याच्या डोळ्यांना बसते. आमची आठ हजाराची दुर्बीण गळ्यात असताना त्याने त्या निळ्या खेळण्यातून दोन्ही डोळ्यांनी नंदीध्वज पाहिले आणि खूश झाला. सोलापुरातल्या पालकांना माझा प्रामाणिक सल्ला आहे, पाच वर्षांच्या आतल्या पोरासाठी हीच दुर्बीण घ्या. फक्त सूर्याकडे रोखून बघायचं नाही हे कोणतीही दुर्बीण हातात देताना पहिल्यांदा शिकवा. खरीतून तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

जानेवारीच्या शेवटी भिगवणला गेलो. सोलापूरहून पुणे रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून पहाटे साडेतीनला निघालो, मुलं चादरीत गुंडाळून तशीच गाडीत टाकली. उजनीचं हे पसरलेलं पाणी म्हणजे भीमेवरच्या धरणाचा फुगवटा. कुंभारगावातून होडी मिळते. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का हे चढायच्या आधी बघून घ्या, आम्ही पहिल्या होडीतून याच कारणाने उतरलो.

डुलत्या होडीत आठ पटीचा खरा फायदा कळला. शेजारच्या होडीतल्या एका काकांकडे भलीमोठी दुर्बीण होती आणि ते सारखं "स्थिर धर रे, स्थिर धर" असं होडीवाल्यावर ओरडत होते. आम्हाला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नीट दिसले. चोच उलटी करून, डोकं पाण्यात खाली घालून चिखल गाळत जेवतात. तो गुलाबी रंग त्यांना खाण्यातूनच येतो हे थोरलीला सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून ती बीट खायला लागली. उडाले की पंखांतला लाल आणि काळा एकदम उघडतो. अग्निपंख हे नाव त्या क्षणी पटतं. चित्रबलाक, नदी सुरय, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हेही होते. धाकट्यासाठी इथे युक्ती सापडली: दोन नळ्यांचा नाद सोडायचा, एकच नळी त्याच्या डोळ्याला लावायची, दुसरा डोळा त्याच्या हाताने झाकायचा आणि दुर्बिणीचं वजन आपण पेलायचं. त्या दिवशी तो पहिल्यांदा म्हणाला, "याला गुडघा उलटा आहे!" म्हणजे खरंच दिसलं होतं. (तो गुडघा नसतो, घोटा असतो, पण होडीत वाद कोण घालणार.)

वजनाचं राहिलंच. पट्ट्यासकट सातशे वीस ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. सातवर्षांच्या मुलीच्या गळ्यात अर्ध्या तासाच्या वर ठेवू नये. मी जुन्या ओढणीचा पाठीवर फुली पडेल असा पट्टा शिवला, त्याने भार खांद्यावर जातो. सोबत आलेला पट्टा टाकून दिला तरी चालेल.

फेब्रुवारीत विजापूर. शंभर किलोमीटर, रस्ता सरळ. गोल घुमट म्हणजे महंमद आदिलशहाची कबर. तो वारला १६५६ साली. सकाळी सहाला दार उघडतं तेव्हाच आत शिरा, कारण तासाभरात शाळांच्या सहली येतात आणि मग वरच्या सज्जात फक्त किंकाळ्यांचा प्रतिध्वनी उरतो. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांना सात मजले, जिना अरुंद, पायऱ्या उंच. धाकटा वर स्वतः चढला आणि खाली माझ्या कडेवर आला.

या सज्जात आम्ही दुर्बिणीचा असा वापर केला की त्यासाठी सगळे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. घुमटाचा आतला व्यास साधारण अडतीस मीटर. नवरा धाकट्याला घेऊन समोरच्या बाजूला गेला, मी आणि थोरली अलीकडे भिंतीला टेकून. तो भिंतीशी तोंड नेऊन अगदी हळू बोलला. थोरलीच्या डोळ्याला दुर्बीण होती. तिला बाबाचे ओठ लांब पलीकडे हलताना दिसत होते आणि आवाज मात्र कानाशी, मागच्या दगडातून येत होता. ती दचकून मागे वळली. मग पुन्हा दुर्बीण लावली, पुन्हा वळली. हे ती वीस मिनिटं करत होती. बाबा काय बोलत होता म्हणाल, तर "खाली गेल्यावर इडली खायची का?"

उतरताना जिन्यात दुर्बीण माझ्या हातून निसटली आणि तीन पायऱ्या गडगडत गेली. भिंगं वाचली. असं पडल्यावर लांबच्या खांबाकडे दोन्ही डोळ्यांनी बघा. एकाचे दोन खांब दिसले तर आतलं जुळलेलं बिघडलंय. आमचा एकच दिसला. पण डोळ्याशी असणारी रबराची वाटी, जी चष्मेवाल्यांना दुमडून आत करता येते, ती चिरली. तेवढी एक वाटी मिळवायला सात आठवडे, अकरा फोन आणि तीन वेळा तेच बिल पाठवणं. विक्रीनंतरच्या सेवेला माझ्याकडून पाचपैकी एक. वस्तूला चार.

आणखी दोन कटकटी. उजव्या डोळ्याजवळ नंबर जुळवायची एक कडी असते, ती मुलांच्या बोटांनी सतत फिरते आणि मग 'दुर्बीण बिघडली' अशी बोंब होते. माझी जागा मी नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवली आहे. दुसरं, एप्रिलात ती दुपारभर बंद गाडीत डॅशबोर्डवर राहिली. सोलापूरचा एप्रिल! अंगठ्याजवळचं रबर सुटून आलंय. हा दोष कंपनीचा नाही, आमचा.

मार्चमध्ये हत्तरसंग कुडलला गेलो होतो, भीमा-सीनेच्या संगमावर. संगमेश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. थोरली म्हणाली, मी दुर्बिणीतून वाचणार. आता ही दुर्बीण अडीच मीटरच्या आतलं दाखवतच नाही. ती एक एक पाऊल मागे सरकत गेली, खांबाला पाठ टेकली, आणि फोकसचं चाक फिरवत दोन अक्षरं ओळखली. नुसत्या डोळ्यांनी जवळ जाऊन वाचता आलं असतं, हे मी बोलले नाही.

उन्हाळ्यात प्रवास बंदच. पण गच्चीवर झोपायला गेलो की चंद्रावरचे खड्डे दिसतात. गुरू वर असेल त्या रात्री दुर्बीण कठड्यावर टेकवली तर त्याच्या शेजारचे बारीक ठिपके, म्हणजे त्याचे चंद्रही दिसतात. यासाठी वेगळा खर्च नाही हे ध्यानात घ्या. नळदुर्गला मात्र नर-मादी धबधबे बघायला पावसाळ्यात गेलो, तेव्हा ती पिशवीतून काढलीच नाही; बोरी नदीच्या बंधाऱ्यातल्या पाणी महालात समोरच पाण्याचा पडदा असतो, तिथे डोळे पुरतात.

तर आता थोरलीला वेगळी, लहान आणि अरुंद बसणारी दुर्बीण घ्यायची आहे. यावेळी दुकानात नेऊन, डोळ्याला लावून, पट्टीने मोजून. मोठी मी आणि नवरा वापरू, असं ठरलं होतं. पण गेल्या महिन्यात समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर घारीची जोडी बसायला लागली आणि तेव्हापासून दुर्बीण आबांच्या खुर्चीच्या हातावर लटकलेली असते. चष्म्यासकट त्यांना ती छान बसते. मुलांनी मागितली तर म्हणतात, "थांबा, आत्ताच काहीतरी घेऊन आलीये ती."