मिरजेचा लेडीज तंबोरा (काळी चार) घ्यावा का? वापरून लिहितेय

गाणं शिकणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात की मिरजेचा तंबोरा घ्यायचा का, अ‍ॅप आहे की मोबाईलवर. आधी निकालच सांगते, परवडत असेल आणि घरी सांभाळायला जागा असेल तर नक्की घ्या. मी स्वतः वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर गायलेय, त्याला नावं ठेवायची नाहीत मला, प्रवासात तोच कामाला येतो. पण तो तेच आवर्तन तसंच्या तसं फिरवत राहतो आणि खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक छेड थोडी वेगळी पडते, त्यामुळे कान झोपत नाही, सतत ऐकत राहावं लागतं, आणि गाण्यात निम्मं काम तेच तर आहे.

मी घेतला मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतून, समोर बसून, माझ्या पट्टीत (काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा) लावून घेऊन. फोनवर ऑर्डर देऊ नका असं मी सगळ्यांना सांगते कारण दोन भोपळे कधीच सारखे नसतात. हा भाजीचा भोपळा नाही बरं का, कडू जातीचा, जाड सालीचा, मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठच्या गावांत खास वाद्यांसाठी पिकवतात. पक्का झाला की उन्हात वाळवायचा, मग कापून पाण्यात भिजवून आतलं सगळं खरवडून काढायचं. घेर जेवढा मिळेल त्यावर पुढचं ठरतं, मोठा निघाला तर पुरुषांच्या पट्टीचा, लहान निघाला तर आपला लेडीज. दुकानात माळ्यावर भोपळे रचून ठेवलेले असतात, त्यातला एक उचलून कारागिरानं बोटानं टिचकी मारून दाखवली, मग शेजारचा वाजवला, फरक माझ्यासारखीलाही लगेच कळला. दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) तून नावाच्या लाकडाची, वजनाला हलकी, त्यामुळे तासभर मांडीवर धरला तरी खांदा दुखत नाही.

मला सगळ्यात आवडला तो जवारीचा भाग, म्हणजे तारेला तो गुंजणारा आवाज यावा म्हणून घोडी घासून तयार करणं. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) वरचा पृष्ठभाग दिसायला सपाट पण त्याला अगदी बारीक उतार असतो आणि तार त्याला ओझरती घासत थरथरते. तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवतात, तो केसभर पुढेमागे झाला की बंद पडलेला आवाज एकदम उघडतो. माझ्यासमोर त्यांनी कानशीचे दोन-तीन हलके हात मारले, तार चढवली, ऐकली, परत उतरवली, परत घासलं, असं बराच वेळ चाललं होतं. कुठलंही मशीन नाही, नुसता कान. आणि मग खरजाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार छेडली तेव्हा त्यातून गंधार, म्हणजे ग, स्पष्ट ऐकू आला! चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नसते, पंचम, दोन जोडीच्या सा आणि खर्ज, बस. तो गंधार खरजाच्या पोटातच असतो आणि जवारी नीट लागली की वर येतो. आपल्या गाण्यात एकेका सुरावर इतका वेळ थांबतात, विशेषतः किराणा घराण्याची गायकी, त्यात या आवाजाचा फार मोठा हात आहे असं माझं ठाम मत आहे. मागे सूर असा भरून राहिलेला असेल तर थांबायची भीती वाटत नाही.

मिरजेत हे सगळं कसं जमलं तेही भारी आहे. हे काम करणारे मूळचे शिकलगार, तलवारी आणि हत्यारांना धार लावणारे. हत्यारांना मागणी राहिली नाही तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब वगैरे मंडळी वाद्यांकडे वळली, कानस हातात होतीच, धातू आणि लाकूड घासायची नजर होतीच. पटवर्धनांचं संस्थान असल्यामुळे गवई येत-जात होते. पुढे किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, ते स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात तरबेज होते, म्हणजे गाणारा आणि बनवणारा एकाच गावात. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यातच आहे आणि उरुसाला तिथे आजही गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, फार आधीच मिळायला हवं होतं.

आता तक्रारी. किंमत, चांगल्या कामाचा तीस हजारांच्या पुढेच जातो, नक्षी वाढवली की अजून वर. मी साधाच घेतला कारण नक्षीनं आवाजात काही फरक पडत नाही, पैसे जवारीच्या कामाला द्या. पहिल्या पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत खुंट्या फुगून अडकायला लागल्या, खडू लावून सुधारलं. सोबत मिळालेली कापडी पिशवी अगदीच पातळ आहे, भोपळ्याला एक धक्का बसला की तडा जातो आणि भोपळ्याला गेलेला तडा कितीही चांगला सांधला तरी मनातून जात नाही, त्यामुळे फायबरची पेटी वेगळी घ्यावीच लागते, तिचे पैसे आधीच धरून ठेवा. ट्रान्सपोर्टनं तर अजिबात पाठवू नका, माझ्या मैत्रिणीचा एका कुरियरवाल्यानं दांडीपाशी मोडून आणून दिला, भरपाई शून्य. आणि तारांमुळे घोडीवर हळूहळू चरे पडतात, मग जवारी परत काढावी लागते, ते काम जमणारी माणसं मुंबई-पुण्यात कमी आहेत, म्हणून घेतानाच विचारून ठेवा की दुरुस्तीला कोण येतं, कधी येतं.

नुकतंच शिकायला लागलेल्यांनी थांबा, आधी सूर लावायला शिका, कारण तंबोरा स्वतः लावता आला नाही तर तो कोपऱ्यात धूळ खातो. बाकीच्यांनी मिरजेला जाताना एक सकाळ पूर्ण मोकळी ठेवा, तीन-चार तंबोरे आपल्या पट्टीत लावून मागा, पंचमात ऐका, मग पहिली तार मध्यमात लावून परत ऐका, मालकंस गाणार असाल तर हे करायलाच हवं, त्या रागात पंचम नसतो, आणि काही तंबोरे पंचमात छान बोलतात आणि मध्यमात गप्प होतात. दुकानदार कंटाळत नाहीत, उलट नीट ऐकणारं गिऱ्हाईक आलं की त्यांना बरं वाटतं. तारांचा एक जादा सेट तिथूनच घ्या, पितळेची खरजाची तार इकडे नीट मिळत नाही.