लेखक स्वतः वाचून दाखवतो तेव्हा: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका होईल. लेखक-कवींचे व्हिडिओ नेमाने बघायला लागून आता बरेच महिने झाले. त्यातलं वाचन मी ठेवलंय, चर्चा बऱ्याच अंशी सोडून दिली आहे. दीड तासाच्या कार्यक्रमात लेखक स्वतःचं पुस्तक उघडून वाचतो ती दहा-पंधरा मिनिटं हाच खरा ऐवज. बाकीचं चाळलं तरी चालतं. याला अपवाद आहेत, आणि ते असे जबरदस्त आहेत की त्यांच्यासाठी सगळी चाळणी सोसावी. ते पुढे येतीलच.

बहुतेक जण हे व्हिडिओ लावतात ते लेखक आपल्या लिखाणाबद्दल काय सांगतो ते ऐकायला. गोष्ट कशी सुचली, त्या पात्रामागे खरं कोण होतं, शेवट असा का केला. अडचण अशी की नवं पुस्तक आलं की लेखकाला हेच प्रश्न महिनोन्महिने विचारले जातात आणि उत्तरं घासून गुळगुळीत होतात. एकाच लेखकाचे एकाच पुस्तकावरचे दोन-तीन कार्यक्रम पाठोपाठ बघितले तर लगेच लक्षात येतं. तोच किस्सा, तोच आठवल्यासारखा केलेला थांबा, आणि हशासुद्धा त्याच जागी. यात लेखकाचा दोष नाही, त्याच्या जागी कोणीही हेच करेल. पण आपला वेळ जायचा तो जातोच. त्यात सूत्रसंचालकाचं नमनाला घडाभर तेल: पुरस्कारांची यादी, आधीच्या पुस्तकांची नावं, मग प्रश्न म्हणून स्वतःचंच छोटेखानी भाषण. लेखक शेवटी 'हो, अगदी बरोबर' एवढंच म्हणतो.

वाचनाला हे लागू होत नाही, कारण तिथे लेखकासमोर मजकूर आहे आणि मजकुरापुढे त्याला सारवासारव करता येत नाही. छापील पानावर जे वाक्य आपण भावूक होऊन वाचलेलं असतं ते तो सपाट, कोरड्या आवाजात उरकतो, आणि पुढच्या एका साध्या वाक्याआधी श्वास घेतो. मग कळतं की वजन तिथे होतं. विनोदी लिखाणात तर हा फरक डोळ्यांत भरतो. चांगला विनोदी लेखक वाचताना स्वतः हसत नाही, आवाजही चढवत नाही. लोक हसत असतात आणि तो पुढच्या ओळीवर बोट ठेवून थांबलेला असतो. संवाद वाचतानाही बघण्यासारखं असतं: काही जण प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देतात, काही जण मुद्दाम देत नाहीत. दुसऱ्या प्रकारचं वाचन मला जास्त पटतं. पहिल्या प्रकारात कधी कधी लेखकातला हौशी नट मजकुरावर कुरघोडी करतो.

एक सवय मात्र लावून घ्यावी. पुस्तक हातात घेऊनच बघायचं. लेखक वाचतोय त्या ओळीवर आपली नजर ठेवायची. असं केलं की मजा सुरू होते, कारण बरेच लेखक छापलंय तसं वाचतच नाहीत. विशेषण गाळतात, परिच्छेद ओलांडतात, 'तो म्हणाला, ती म्हणाली' उडवून देतात. ऐकणाऱ्याला काय नको आहे हे त्यांना मंचावर उभं राहिल्यावर कळलेलं असतं. ही जुनी गोष्ट आहे. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून तिकीट लावून आपल्या कादंबऱ्यांतले भाग वाचत असत. त्यासाठी त्यांनी खास प्रती केल्या होत्या, मजकूर कापून-जोडून, आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या नॅन्सीच्या खुनाच्या प्रसंगाच्या समासात कुठे थरथरायचं, कुठे घाबरून मागे वळून बघायचं अशा सूचनाही लिहिल्या होत्या. आजच्या लेखकांत अमेरिकन विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस हे उघडपणे करतात: प्रसिद्ध व्हायच्या आधीच मजकूर श्रोत्यांपुढे वाचायचा, कुठे हशा आला, कुठे खोकले ऐकू आले त्या खुणा हातातल्या पेन्सिलीने करायच्या, आणि मग पुन्हा लिहायचं. त्यांच्या बाबतीत वाचन ही प्रसिद्धीची नाही, संपादनाची पायरी आहे.

कवितेचं प्रकरण वेगळं आणि माझ्या मते जास्त फायद्याचं. पानावर ओळ जिथे तुटते तिथे कवी थांबतो का? अमेरिकन कवी रॉबर्ट क्रीली प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबत, वाक्य अर्धवट लोंबकळत असलं तरी. ते ऐकल्याशिवाय त्यांच्या त्या छोट्या, अडखळत्या ओळी का तशा आहेत हे मला उमगलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला आयरिश कवी यीट्स. बीबीसीसाठी १९३०च्या दशकात केलेल्या ध्वनिमुद्रणात ते आधीच बजावतात की या कविता छंदात बसवायला मला फार त्रास झालाय, तेव्हा मी त्या गद्यासारख्या वाचणार नाही. आणि मग जवळजवळ मंत्र म्हटल्यासारखं वाचतात. आजच्या कानाला ते आधी विचित्र वाटतं, पण दुसऱ्या ऐकण्यात सवय होते आणि तिसऱ्यात ती कविता दुसऱ्या कुठल्या चालीत ऐकवत नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी वर्षानुवर्षं एकत्र काव्यवाचनं केली; तिघांचं वाचन पाठोपाठ ऐकणं हा कवितेच्या लयीवरचा, कोणी न सांगता मिळालेला धडाच आहे.

नुसता आवाज असताना व्हिडिओ कशाला, असा प्रश्न कोणी विचारेल. उत्तर बरंचसं श्रोत्यांमध्ये आहे. सोव्हिएत दिग्दर्शक मार्लेन खुत्सिएव्ह यांनी १९६२ मध्ये मॉस्कोच्या पॉलिटेक्निक म्युझियममध्ये काव्यवाचनाचं चित्रण केलं; येव्तुशेन्को, वोझ्नेसेन्स्की, अख्मादुलिना, ओकुजावा हे तेव्हाचे तरुण कवी मंचावर. कॅमेरा कवींवरून सतत श्रोत्यांवर जातो. रशियन एक अक्षर कळत नसलं तरी ते चेहरे बघून त्या सभागृहात कवितेची काय किंमत होती ते कळतं. पुस्तकाच्या पानातून हे कधीच मिळालं नसतं.

आता चर्चेतले अपवाद. त्यात माझ्या यादीत सगळ्यात वर ब्राझिलियन लेखिका क्लॅरिस लिस्पेक्टर. ब्राझीलच्या टीव्ही कुल्तुराने फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांची मुलाखत घेतली. ती आपल्या मृत्यूनंतर दाखवा अशी त्यांची अट होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या गेल्या. मुलाखतीत खुर्ची, सिगारेट आणि त्या, बाकी काही नाही. प्रश्न येतो, त्या बघत राहतात, उत्तर एका वाक्याचं. मुलाखतकाराने विचारलं, आजच्या ब्राझिलियन लेखकाची भूमिका काय? उत्तर: शक्य तितकं कमी बोलणं. हे ऐकून मी व्हिडिओ थांबवला आणि हसले, कारण समोर बोलण्यासाठीच तर कॅमेरा लावलाय. मध्येच त्या पोलिसांनी मारलेल्या एका गुन्हेगारावरच्या आपल्या मजकुराबद्दल बोलतात. त्याला तेरा गोळ्या घातल्या होत्या. एक पुरेशी होती, बाकीच्या मारण्याच्या इच्छेपोटी, असं म्हणताना त्यांचा आवाज वर जात नाही, पण चेहऱ्यावरचं सगळं बदलतं. स्वतःची एक कथा आपल्यालाच कळत नाही हेही त्या सहज सांगून टाकतात. शेवटी म्हणतात, आत्ता मी मेलेली आहे, थडग्यातून बोलतेय. घोकलेलं एकही उत्तर नाही. सबटायटल्स असलेली प्रत शोधा आणि मध्ये न थांबता बघा. (मी थांबवली ती एकदाच.)

'लोलिता'वाले नाबोकोव्ह बरोबर उलट. फ्रान्समध्ये बर्नार पिव्हो यांचा 'आपोस्त्रोफ' हा कार्यक्रम १९७५ ते १९९० असा पंधरा वर्षं चालला. नाबोकोव्ह तिथे १९७५ मध्ये आले ते प्रश्न आधी मागवून, उत्तरं लिहून, आणि कार्डं पुस्तकांच्या आडोशाला ठेवून. समोरच्या किटलीत चहाच्या नावाखाली व्हिस्की होती. गप्पा चालल्याचा आव, प्रत्यक्षात माणूस वाचतोय. मला हा व्हिडिओ अतिशय आवडतो, कारण हा लेखक बोलण्याचं सोंग करून शेवटी वाचनच करतो आणि त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याच्या पुस्तकातल्याइतकं नेमकं येतं. स्पॅनिश दूरचित्रवाणीवरच्या 'आ फोंदो' या मुलाखतमालेत १९७७ मध्ये आलेले मेक्सिकन लेखक हुआन रुल्फो याच्या दुसऱ्या टोकाला: दोन लहान पुस्तकांवर अख्ख्या लॅटिन अमेरिकेचं साहित्य हलवलेला माणूस, आणि खुर्चीत असा आक्रसून बसलाय की कधी एकदा सुटतोय. बोलणं जेवढं अवघड, तेवढं ते ऐकण्यासारखं, असा माझा आतापर्यंतचा ठोकताळा आहे.

नोबेलची व्याख्यानं हा चांगला साठा आहे आणि सगळा मोफत उघडा आहे. १० डिसेंबरच्या पुरस्कार समारंभाआधी किंवा त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, शक्य असेल तर, व्याख्यान देणं विजेत्यांवर बंधनकारक असतं, त्यामुळे बोलायला नाखूष असलेले लेखकही तिथे सापडतात. हॅरॉल्ड पिंटर २००५ मध्ये आजारपणामुळे स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. त्यांचं व्याख्यान आधी चित्रित करून तिथे दाखवलं गेलं. चाकाच्या खुर्चीत बसलेला, घोगऱ्या आवाजाचा हा नाटककार मुळात नट होता हे पहिल्या मिनिटात कळतं. आपली नाटकं एका वाक्यातून, एका शब्दातून कशी सुरू झाली ते सांगत तो राजकारणाकडे वळतो, आणि तो वळण घेतो ती जागा छापील मजकुरात मला एवढी धारदार वाटली नव्हती. ओल्गा तोकार्चुक पोलिशमध्ये बोलतात, हान कांग कोरियनमध्ये. अशा वेळी मी थोडा भाग अनुवाद न वाचता नुसता ऐकते, मग मजकूर उघडून सुरुवातीपासून बघते.

आता कटकटी. आवाज हा पहिला शत्रू. सभागृहाच्या मागच्या भिंतीला कॅमेरा लावून केलेलं चित्रण असेल तर लेखकापेक्षा खुर्च्यांची करकर जास्त ऐकू येते. पहिल्या मिनिटात शब्द कळले नाहीत तर सोडून द्यावं, पुढे सुधारत नाही. श्रोत्यांचे प्रश्न बहुधा माइकशिवाय असतात, त्यामुळे आपल्याला अर्धं संभाषण मिळतं. आपोआप तयार होणारी सबटायटल्स गद्याला कामचलाऊ, कवितेला निरुपयोगी: विशेषनामांची वाट लागते आणि ओळी कुठेही तुटतात. एका चॅनलवर तर कवितेच्या मधोमध जाहिरात सुरू झाली, आणि परत आल्यावर कवी पुढच्या कवितेवर पोचलेला. वेग वाढवून बघण्याची सवय चर्चेला खुशाल लावा, वाचनाला लावू नका. थांबेच तर बघायचे असतात.

२०२० आणि २०२१ मध्ये लेखकांनी घरातून केलेले कार्यक्रम दिसायला गचाळ आहेत. लॅपटॉपचा कॅमेरा हनुवटीखालून, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड, मध्येच गोठलेलं चित्र. तरीही त्यातली काही वाचनं मी पुन्हा पुन्हा लावते. समोर सभागृह नसल्याने लेखक आवाज फेकत नाही, हशाची वाट बघत नाही, एका माणसाला वाचून दाखवावं तसं वाचतो. निगुतीने केलेलं चित्रण हवं असेल तर डेन्मार्कच्या लुइझियाना या कलासंग्रहालयाचं २०१२ पासूनचं चॅनल बघा. तिथल्या पुष्कळ फिल्म्समध्ये मुलाखतकाराचे प्रश्न कापलेले असतात, लेखक सलग बोलतो. माझी तक्रार एवढीच की कापणी इतकी सफाईदार असते की लेखक कुठे अडखळला ते कळायला मार्ग उरत नाही.

एक तोटा मात्र खरा आहे आणि त्याला उपाय सापडलेला नाही. लेखकाचा आवाज एकदा कानात बसला की पुस्तक त्याच आवाजात वाचलं जातं. काही पुस्तकांचं यामुळे भलं झालं. पण एका आवडत्या कादंबरीचा निवेदक माझ्या मनात वर्षानुवर्षं खर्जात बोलायचा. लेखकाचा बारीक, घाईचा आवाज ऐकल्यापासून तो गेला तो गेलाच. म्हणून आता नियम केलाय: पुस्तक पूर्ण वाचून झाल्याशिवाय त्याचं वाचन बघायचं नाही. शिवाय सगळे लेखक चांगले वाचक नसतात, हेही सांगायला हवं. काही जण स्वतःचंच वाक्य पहिल्यांदा बघत असल्यासारखे वाचतात. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग १८८९ मध्ये एडिसनच्या फोनोग्राफपुढे आपलीच कविता म्हणता म्हणता ओळी विसरले आणि त्यांनी तिथेच माफी मागितली; ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं, आणि मला ते अनेक निर्दोष वाचनांपेक्षा प्रिय आहे.

ज्यांचं चित्रण नाही त्यांच्याबाबत आवाजावर समाधान मानावं लागतं. इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांचा उरलेला आवाज म्हणजे १९३७ च्या बीबीसी भाषणाचा एक तुकडा, बस. कवितेसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा पेनसाउंड हा संग्रह मोठा आहे. बहुतेक नुसता आवाज, पण एकेक कविता वेगळी काढून ठेवलेली असल्याने हवी ती लगेच सापडते. व्हिडिओवाल्यांनी एवढं जरी केलं, वाचन कितव्या मिनिटाला सुरू होतं ते खाली लिहिलं, तरी माझा निम्मा त्रास वाचेल.

नव्याने सुरू करणाऱ्याला मी कॅनेडियन कथाकार ॲलिस मन्रो यांचा २०१३ चा व्हिडिओ सुचवेन. त्यांनी नोबेल व्याख्यान दिलं नाही, त्याऐवजी चित्रित केलेली ही मुलाखत दाखवली गेली. लहानपणी जलपरीच्या गोष्टीचा दुःखी शेवट सहन न होऊन घराभोवती चकरा मारत आपण तिला नवा, सुखाचा शेवट कसा रचला, हे त्या त्यात सांगतात. फार लांब नाही, आवाज स्वच्छ आहे, प्रश्न छोटे आहेत. आधी त्यांची एखादी कथा मात्र वाचून घ्या.