स्विफ्ट व्हीएक्सआयची चाकं बदलायचीत: १४ वरच राहू, १५ घेऊ की १६?

मामेभावाने मागच्या महिन्यात २०२१ ची स्विफ्ट व्हीएक्सआय घेतली, सेकंड हँड, गाडी एकदम स्वच्छ पण टायर पार गुळगुळीत. चौथ्याच दिवशी त्याचा फोन, दादा टायर बदलायचेच आहेत तर सोबत मॅग (अलॉय रिम) पण टाकून घेऊ का, पुण्यात नाना पेठेत एक जण १६ इंची सेट दाखवतोय, म्हणतो आरामात बसेल. मी म्हटलं थांब, ॲडव्हान्स देऊ नकोस, आधी मापं समजून घे. माझ्या २०१८ च्या व्हीएक्सआयला मी तिन्ही प्रकार लावून बघितलेत, १४, १६ आणि आता १५, आणि मधल्या १६ च्या हौसेने मला बराच त्रास दिलाय. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, स्विफ्ट सोडून दुसरी गाडी असेल तरी हिशोबाची पद्धत तीच, आकडे फक्त तुमच्या गाडीचे घ्या.

आधी आकड्यांचा अर्थ. कंपनीने व्हीएक्सआयला दिलेलं माप १६५/८० आर१४. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, ८० म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, आणि १४ म्हणजे रिम किती इंची. १६५ चे ८० टक्के १३२ मिमी, ही साइडवॉल वर एक आणि खाली एक म्हणून २६४, त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी मिळवा, झाले ६१९.६. हा चाकाचा एकूण व्यास, आणि नवीन काहीही घ्या तो याच्या जवळपास आला पाहिजे. टायरवाले तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो म्हणतात, मी स्वतः दीड टक्क्याच्या पुढे जात नाही, कारण स्पीडोमीटर, किलोमीटरचं रीडिंग, गिअरचा ताळमेळ आणि मडगार्डमधली जागा हे सगळं त्या व्यासावर बेतलेलं असतं.

आता नेहमी सुचवली जाणारी मापं ओळीने:

१६५/८० आर१४ – ६१९.६ मिमी, साइडवॉल १३२ (मूळ)
१७५/७० आर१४ – ६००.६, म्हणजे ३ टक्के लहान
१८५/७० आर१४ – ६१४.६, ०.८ टक्के लहान, साइडवॉल १२९.५
१८५/६५ आर१५ – ६२१.५, ०.३ टक्के मोठा, साइडवॉल १२०
१९५/६० आर१५ – ६१५, ०.७ टक्के लहान, साइडवॉल ११७
१९५/५५ आर१६ – ६२०.९, ०.२ टक्के मोठा, साइडवॉल १०७
२०५/५५ आर१६ – ६३१.९, २ टक्के मोठा
२०५/४५ आर१७ – ६१६.३, साइडवॉल फक्त ९२

व्यास बघितला तर १५ मधली दोन्ही, १६ चं १९५/५५ आणि अगदी १७ सुद्धा पास होतात, आणि दुकानदार बरोबर तेवढंच सांगतो. पण शेवटचा साइडवॉलचा आकडा बघा. १३२ वरून ९२. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा रिमला वाचवायला मध्ये तेवढंच रबर आणि हवा असते, आणि ज्या गावात जुलैमध्ये खड्डा पाण्याखाली गेल्यावर दिसतच नाही तिथे त्या प्रत्येक मिलीमीटरला किंमत आहे.

माझं १६ चं प्रकरण असं. २०५/५० आर१६ टाकले होते (व्यास ६११.४), दिवाळीच्या आसपास, गाडी दिसायला फार सुंदर झाली, वळणावर एकदम चिकटून चालायची, बॉडी रोल कमी झाला, ताम्हिणीला जाऊन आलो तेव्हा खरंच मजा आली, हे मी नाकारत नाही. पहिले सहा-सात महिने खूश होतो. मग पाऊस. कात्रज बायपासच्या सर्व्हिस रोडवर रात्री साठलेल्या पाण्यात डावं पुढचं चाक धाडकन गेलं, गाडी चालत राहिली म्हणून मी पण चालवत राहिलो, पण दुसऱ्या दिवसापासून त्या टायरची हवा रोज पाच-सहा पीएसआय उतरायला लागली. दोन पंक्चरवाल्यांना पंक्चर सापडलं नाही, तिसऱ्याने अख्खं चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं तेव्हा बुडबुडे रिमच्या आतल्या कडेने येताना दिसले, बारीक क्रॅक होती, बाहेरून अजिबात दिसत नव्हती. वर टायरच्या साइडवॉलला फुगा आलेला, म्हणजे आतले धागे तुटलेले, तो टायरही गेला. लोखंडी डिस्क (कंपनीचं साधं रिम) असती तर वाकली असती आणि कारागिराने ठोकून सरळ केली असती, अलॉयला वेल्डिंग करून देणारे भेटतात पण पुढच्या चाकाला वेल्डिंग केलेलं रिम लावून घरच्यांना एक्सप्रेसवेने मुंबईला न्यायची माझी तयारी नव्हती. आणि आईला पाठीचा त्रास आहे, ती मागे बसली की सोसायटीच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला हळू रे म्हणायची, १४ वर असताना तिने हे कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, पुण्यात रोज चालणाऱ्या स्विफ्टला १८५/६५ आर१५. त्याची कारणं आणि बाकीच्यांची बाजू पण सांगतो, कारण प्रत्येकाची गरज एक नसते.

हे १५ चं माप स्विफ्टच्याच वरच्या व्हेरियंटला, झेडएक्सआयला, कंपनी स्वतः देते, म्हणजे सस्पेन्शन, मडगार्ड, स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावरची जागा, हे सगळं तपासून झालेलं आहे, तुम्हाला प्रयोग करायचा नाही. साइडवॉल १३२ वरून १२० झाली तरी खड्डा झेलते. रुंदी २० मिमीने वाढते, त्यामुळे ब्रेकिंग आणि वळणावरचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. लोड इंडेक्स मूळ टायरचा साधारण ८५, म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, १८५/६५ आर१५ ला ८८ येतो, ५६० किलो, म्हणजे तिथेही आपण वरच आहोत. आणि हेच माप डिझायरच्या वरच्या व्हेरियंटला, अर्टिगाला पण आहे, म्हणून सातारा असो की नगर रोड, टायर फुटला तरी त्या मापाचा टायर बहुतेक दुकानात पडलेला असतो. गावाकडे जाणाऱ्याने या गोष्टीचा विचार नक्की करावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करू देत नाही, उद्या इन्शुरन्स क्लेमच्या वेळी प्रश्न आलाच तर त्याच मॉडेलचं कंपनीचंच माप लावलंय हे सांगता येणं कधीही बरं.

१९५/६० आर१५ पण चांगलं आहे, थोडी जास्त ग्रिप, पण पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही थोडे मार खातात आणि पावसात साठलेल्या पाण्यावर रुंद टायर जरा लवकर तरंगतो, १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीला १८५ पुरेसं आहे असं मला वाटतं.

१४ वरच राहायचं असेल तर त्यात काहीही कमीपणा नाही, उलट सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात आरामशीर गाडी हीच. महिन्याला पाचशे-सातशे किलोमीटर, ऑफिस ते घर, कर्वे रोडचं ट्रॅफिक, एवढंच असेल तर रिमला हात लावू नका, १६५/८० मध्येच चांगल्या कंपनीचे टायर घ्या आणि उरलेल्या पैशात सर्व्हिसिंग करा. थोडं रुंद हवंच असेल तर १८५/७० आर१४ मूळ डिस्कवर बसतं, फक्त डिस्कच्या मागे रुंदी ५ जे (म्हणजे ५ इंच) लिहिलीय हे बघून घ्या, त्याहून अरुंद रिमवर १८५ चढवला की टायर पोटाशी फुगतो आणि वळणावर डुलतो. १७५/७० मात्र घेऊ नका, दुकानात ते सहज मिळतं म्हणून पुढे करतात, पण व्यास ३ टक्के घटतो, गाडी जवळजवळ साडेनऊ मिलीमीटर खाली येते, आणि १६३ मिमी क्लिअरन्सच्या गाडीत तेवढं कमी झालं की बेसमेंटच्या रॅम्पवर पोट घासायला लागतं.

१६ कोणी घ्यावं? ज्याची गाडी जास्त करून हायवेला असते, ज्याला रोज मोडक्या रस्त्याने जावं लागत नाही, आणि एखादं रिम गेलं तर परवडेल. घेतलंच तर १९५/५५ घ्या, माझ्यासारखं २०५/५० नको. बलेनोच्या आणि आय२० च्या वरच्या व्हेरियंटला हेच माप येतं म्हणून टायरमध्ये चॉईस भरपूर आहे. २०५/५५ स्टॉकमध्ये असतो म्हणून गळ्यात मारतात, त्याचा व्यास २ टक्के मोठा, म्हणजे मीटर पूर्वीइतकंच १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन किलोमीटरने जास्त पळत असेल, आणि चार माणसं बसली की मागच्या मडगार्डच्या लायनरला घासायची शक्यता वेगळीच. १७ बद्दल मी बोलणारच नाही, फक्त एवढं की २०५/४५ आर१७ चा साधा टायर लोड इंडेक्स ८४ चा येतो, ५०० किलो, मूळ टायरपेक्षा कमी.

आता रिमचं. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात कारण टायरचं माप सगळे विचारतात आणि रिमचं फक्त डिझाईन बघतात. स्विफ्टची पीसीडी ४ बाय १००, म्हणजे चार नट १०० मिमीच्या वर्तुळावर. फिगोची ४ बाय १०८, पुंटोची ४ बाय ९८, शेवटची तर डोळ्याला १०० सारखीच दिसते आणि जोर लावून नट आवळले तर बसल्यासारखी वाटते, पण बसत नाही, नट सुटू शकतो. मधलं भोक स्विफ्टला ५४.१ मिमी लागतं. बाहेरचे रिम अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मोठ्या भोकाचे असतात, त्यात हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) रिंग टाकून घ्यायची असते, ती नसली की बॅलन्सिंग कितीही वेळा करा ८०-९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. दुकानदार बहुतेक वेळा स्वतःहून रिंग देत नाही, मागायची.

आणि ऑफसेट, म्हणजे रिमवर ईटी म्हणून कोरलेला आकडा. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलीमीटर बाहेर आहे तो हा आकडा. समजा जुनं रिम ५ जे ईटी ४५ आहे आणि नवीन ६.५ जे ईटी ३८, तर चाक बाहेरच्या बाजूला २६ मिमी जास्त येतं आणि आतल्या बाजूला, शॉकॲब्सॉर्बरकडे, १२ मिमी. दोन्हीकडून जागा खाल्ली! त्याऐवजी ६ जे ईटी ४० घेतलं तर बाहेर १८ च्या आसपास, आत ८ च्या आत. चाक जितकं बाहेर तितका व्हील बेअरिंगवर ताण जास्त, चिखल दरवाज्यांवर उडतो ते वेगळंच. म्हणून आपलं जुनं रिम काढून त्याच्या मागचे आकडे फोटो काढून ठेवा आणि नवीन रिमच्या आकड्यांशी जुळवा, तोंडी उत्तरावर जाऊ नका, मला पण "सगळ्यांना बसतं" असंच सांगितलं होतं. स्पेसर (रिम आणि हबच्या मध्ये घालायची चकती) घालून बसवून देतो म्हणाले तर सरळ दुसरं दुकान.

नवीन रिम घेण्यापेक्षा मला स्वतःला आवडलेला मार्ग वेगळा आहे. नवीन झेडएक्सआय घेणारे बरेच जण आल्या आल्या कंपनीचे १५ इंची अलॉय काढून मोठे टाकतात आणि तो जवळजवळ नवा सेट विकतात, नाना पेठेत आणि ऑनलाइन असे सेट फिरत असतात. माझे आत्ताचे असेच आहेत. पीसीडी, भोक, ऑफसेट सगळं कंपनीचं, रिंग नको, विचार नको. फक्त घेताना चारही रिम बॅलन्सिंग मशीनवर टायरशिवाय फिरवून बघा, वाकलेलं असेल तर कड लगेच डुलताना दिसते, आणि आतली बाजू पुसून क्रॅक किंवा वेल्डिंगची खूण शोधा. सोबत टायर आले तर साइडवॉलवरचे चार आकडे वाचा, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा, पाच वर्षं जुना माल नव्यासारखा चकचकीत दिसला तरी घेऊ नका.

स्टेपनी जुनीच ठेवता येते. १४ ची स्टेपनी ६१९.६ आणि नवीन १५ चं चाक ६२१.५, फरक दोन मिलीमीटरसुद्धा नाही, पंक्चर काढेपर्यंत हळू चालवली तर काही होत नाही. पण अलॉयसोबत वेगळे नट दिले असतील तर लोखंडी डिस्कचे जुने चार नट स्टेपनीजवळच पिशवीत घालून ठेवा, रात्री खंबाटकीत चाक बदलताना नट बसत नाहीत हे कळणं फार वाईट.

मामेभावाला मी १५ चा सेट शोधायला सांगितलंय, रविवारी दोघं जाऊन बघणार आहोत. बसवल्यावर तिथेच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आत बोट घालून जागा बघायची, मग चार जण बसवून एखाद्या मोठ्या स्पीडब्रेकरवरून न्यायची, कुठे घासल्याचा आवाज येतो का ऐकायचं, अलाइनमेंट त्याच दिवशी करायचं, आणि शंभर-एक किलोमीटर झाल्यावर नट परत एकदा टॉर्क रेंचने आवळून घ्यायचे.