चितळांची शिंगे आणि रात्रीची लांबी : नागपूरहून निघणाऱ्या एका अभ्याससहलीविषयी

डिसेंबरमधल्या एका शनिवारी संध्याकाळी नागपुरात दीड तासाचे व्याख्यान आणि रविवारी दुपारी सिल्लारी गेटमधून पेंच व्याघ्र प्रकल्पात जिप्सीची फेरी, अशी ही सहल हरणांच्या ऋतुचक्रावर आखलेली होती. वाघ दिसेल असे आश्वासन आयोजकांनी कुठेही दिले नव्हते आणि मी नाव नोंदवले ते मुख्यतः त्यामुळेच.

व्याख्यान देणाऱ्या बाई पशुवैद्यकाच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या आणि त्यांनी सुरुवातच अंधारापासून केली. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाची खबर मेंदूतून पिनियल ग्रंथीपर्यंत जाते. ही ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक रात्रीच स्रवते, त्यामुळे रात्र जितकी लांब तितका वेळ ते रक्तात राहते आणि शरीर ऋतू ओळखते ते या कालावधीवरून. युरोपातल्या रेड डिअरमध्ये उन्हाळा सरून रात्री वाढू लागल्या की टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक चढते, शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगावरची लवदार कातडी, वाळून निघते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नर माजावर येतात. वसंतात तेच संप्रेरक उतरले की शिंगे गळतात आणि त्याच जागी नवी फुटू लागतात. शिंगे कडक असताना नराला खच्ची केले तर ती काही आठवड्यांतच गळून पडतात, हे त्यांनी सांगितले तेव्हा शिंग आणि संप्रेरक यांचे नाते माझ्या डोक्यात पक्के बसले. हीच हरणे ऋतू उलटे असलेल्या न्यूझीलंडला नेल्यावर त्यांचा माज मार्च-एप्रिलवर सरकला. दिवसाच्या लांबीचा अंमल दाखवणारा याहून स्वच्छ दाखला मला तरी ठाऊक नाही.

पण स्कॉटलंडच्या उत्तर भागात जूनचा दिवस सुमारे १८ तासांचा आणि डिसेंबरचा साडेसहा तासांचा असतो, तर आपल्या नागपुरात तो जेमतेम १३ तास २५ मिनिटे आणि १० तास ५० मिनिटे यांच्या दरम्यान फिरतो. एवढ्याशा फरकावर इथले हरीण काय करत असेल, हा प्रश्न बाईंनी मुद्दाम रविवारसाठी राखून ठेवला होता.

त्याचे उत्तर पहिल्याच कळपात मिळाले. रस्त्यापासून वीसेक पावलांवर तीन चितळ नर एकत्र चरत होते. एकाची शिंगे पूर्ण, कडक आणि टोकाला पांढरी. दुसऱ्याची बोथट आणि मखमली, तिरप्या उन्हात त्यांवरची बारीक लव चमकत होती. तिसऱ्याच्या डोक्यावर नुसते दोन खुंट आणि त्यांवर सुकलेल्या रक्ताची काळपट खपली. आमचे गाईड देवलापारकडचे होते. मखमली शिंगाकडे बोट करून ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे कवळं शिंग आहे, यात रगत खेळते." एकाच जंगलात, एकाच सूर्याखाली तिघांचे तीन टप्पे! चितळांमध्ये प्रत्येक नराचे चक्र बऱ्याच अंशी स्वतंत्र चालते, माजाचा जोर आपल्याकडे उन्हाळ्यात असला तरी कडक शिंगांचा नर वर्षभर कुठे ना कुठे भेटतो. सांबराचे मात्र तसे नाही. पाणवठ्यापाशी चिखलाने माखलेला, मानेवरचे केस ताठ झालेला जो नर दिसला, तो ऐन माजात होता, कारण मध्य भारतात सांबराचा माज हिवाळ्यात येतो. पुढे एक रोही, म्हणजे नीलगाय, दिसला, तेव्हा गाईडनी आपण होऊन सांगितले की तो कुरंग (अँटिलोप) कुळातला, त्याची शिंगे पोकळ, ती कधी गळायची नाहीत. इतक्या अचूकपणे आणि घाई न करता दाखवणारा माणूस मिळणे, यातच माझे पैसे वसूल झाले.

दोन गोष्टी मात्र खटकल्या आणि त्या मी आयोजकांना लेखी कळवल्या आहेत. हातात दिलेल्या छापील पत्रकात "हरणांची शिंगे वसंतात गळतात आणि शरदात माज येतो" असे सरसकट विधान होते. ते रेड डिअरचे वेळापत्रक आहे. ते चितळाच्या चित्राखाली छापल्याने आमच्या गाडीतली दोन शाळकरी मुले समोरचे तीन नर पाहून गोंधळली. दुसरी गोष्ट मला अधिक लागली. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे क्षेत्र, ठरला, आणि रात्रीचा काळोख हेच प्राण्यांचे पंचांग असते हे आदल्याच दिवशी आम्हांला शिकवले गेले होते. तरीही परतीच्या चहासाठी ज्या मुक्कामावर थांबवले, तिथे जंगलाच्या दिशेने तोंड केलेले दोन प्रखर दिवे आम्ही असेपर्यंत जळत होते. ते मालवायला सांगितले, तर "पाहुण्यांना भीती वाटते" असे उत्तर मिळाले. अशी जागा निवडताना आयोजकांनी दिव्यांची चौकशी आधी करायला हवी होती.

पत्रक बदलू, असे त्यांनी फोनवर मान्य केले आहे. थांब्याबद्दल अजून उत्तर आलेले नाही. त्यांची पुढची फेरी मे महिन्यात आहे. ऊन सोसत असेल तर तीच घ्यावी, कारण चितळ नरांची माजाची ओरड पहाटे तेव्हाच भरभरून ऐकू येते. दुर्बीण स्वतःची न्यावी, गाडीतली एकच दुर्बीण सहा जणांत फिरते.