ओल्या दगडाचं धारेचं मशीन: बाबांच्या पटाश्यांवर दहा महिने

दिवाळीनंतर हे मशीन घेतलं, आता श्रावण चालू आहे. मधल्या काळात एक देव्हारा, दोन मखरं आणि एका पालखीच्या खुरांचं कोरीवकाम झालं. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आमचं घर सावंतवाडीपासून थोडं आत. बाबांनी पन्नास वर्षं फणस, शिवण आणि सागावर कोरीवकाम केलं. त्यांच्या 23 पटाश्या, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्या, माझ्याकडे आल्या, त्यातल्या 16 गोल, म्हणजे पन्हळीसारख्या वळलेल्या पात्याच्या. सपाट पटाशीला धार लावणं मी लहानपणीच शिकले होते. गोल पटाशी मात्र मला कधी नीट जमली नाही. बाबा दगडावर मनगट असं काही वळवायचे की सगळी गोलाई एका दमात घासली जायची. मी वळवलं की कोपरे झिजायचे आणि मध्ये टेकाड राहायचं.

चार वर्षांपूर्वी गणपतीच्या घाईत मी एका फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊन 20 मिलिमीटरची गोल पटाशी कोरड्या ग्राइंडरवर धरली. ते चाक मिनिटाला 2800 च्या आसपास फिरतं. दहा सेकंदांत टोकावर पिवळा रंग चढला आणि मी हात मागे घेईपर्यंत त्याचा निळा झाला. साधं कार्बन पोलाद निळं पडलं म्हणजे ते 300 अंशांच्या घरात तापलं, तिथला कडकपणा गेला. घरी आणून बाबांना दाखवली. त्यांनी निळ्या डागावरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "पाणी उतरला गो हेचा." पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा. तो निळा भाग संपेपर्यंत पटाशी मागे घासावी लागली. 4 मिलिमीटर पोलाद गेलं. त्यांच्या वडिलांच्या हातची पटाशी होती ती. ते मला अजून लागतं.

म्हणून ओला दगड. ही पद्धत जगभर पोचवली ती स्वीडनच्या टॉर्मेक कंपनीने. टॉर्गनी जॅन्सन यांनी ती 1973 साली सुरू केली. त्यांच्या मोठ्या मशीनचा दगड 250 मिलिमीटरचा, मिनिटाला फक्त 90 फेरे, आणि खालचा भाग सतत पाण्यात. धार तापायला वावच नाही. ते मशीन माझ्या आवाक्यात नव्हतं. मी घेतलं ते त्याच कल्पनेवरचं दुसऱ्या एका कंपनीचं, 200 मिलिमीटर दगडाचं. नाव लिहीत नाही, कारण तोच साचा तीन-चार नावांनी विकला जातो आणि खाली लिहिलेल्या खोड्या त्या सगळ्यांतच निघू शकतात. वाहतूक धरून 18 हजार पडले. शोधताना नुसतं 'वेट ग्राइंडर' टाकलंत तर इडलीच्या पिठाची यंत्रं समोर येतील, 'वेट शार्पनर' टाका.

एका बाजूला 220 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) दगड, दुसऱ्या बाजूला चामड्याचं चाक, मध्ये मोटर. पहिल्यांदा भांड्यात पाणी ओतलं तर दगडाने ते पिऊन टाकलं. परत ओतलं, परत प्यायला. तिसऱ्या वेळेला पाणी टिकलं. चामड्याला आधी शिवणयंत्राचं तेल पाजायचं, मग पॉलिशची पेस्ट. कोरड्या चामड्यावर पेस्ट बसत नाही, पापुद्रे होऊन उडते.

पहिला महिना वाईट गेला, तो मशीनच्या चुकीने नव्हे. मला वाटत होतं की पकडीत पटाशी अडकवली, कोन लावला की काम झालं. पकड कोन सांभाळते, हे खरं. पण गोल पटाशीला कोनाबरोबर फिरणंही लागतं आणि ते हातानेच करायचं असतं. मी मधल्या भागावर रेंगाळायचे आणि कोपऱ्यांवरून भरकन जायचे. तीन पटाश्यांच्या मध्ये खड्डा पडला, दोन्ही कोपरे कानासारखे पुढे राहिले. अशी पटाशी लाकडात शिरताना आधी कोपरे रुतवते आणि पाकळीच्या दोन्ही कडांना चिरा पाडते.

वळण मिळालं ते एका पांढऱ्या रेघेमुळे. हे जरा सविस्तर सांगते, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आधी पटाशीचं टोक दगडावर काटकोनात, अगदी हलकं टेकवायचं. म्हणजे सगळे दात, कान, खड्डे एका पातळीत येतात. धार पूर्ण जाते, जीवावर येतं, पण करायचं. मग खिडकीजवळ जाऊन टोक समोर धरायचं. बोथट कडेवर उजेड चमकतो आणि सगळ्या गोलाईवर पांढरी रेघ दिसते. आता धारेमागचा घासायचा उतार मार्करने काळा करायचा, पटाशी पकडीत लावायची आणि मशीन बंद ठेवूनच दगड हाताने थोडा फिरवायचा. शाई कुठून गेली ते बघायचं. धारेकडून गेली तर कोन जास्त, टाचेकडून, म्हणजे उताराच्या मागच्या कडेकडून गेली तर कमी. शाई सगळ्या उतारावरून सारखी गेली की कोन जुळला. मगच बटण दाबायचं.

त्यानंतर नजर फक्त रेघेवर. रेघ जिथे जाड आहे तिथे घासायचं, जिथे बारीक झाली तिथे हात लावायचा नाही. दर पाच-सहा फेऱ्यांनी पटाशी काढून उजेडात धरायची. रेघ केसाएवढी झाली की दाब जवळजवळ सोडायचा. आणि ती ज्या क्षणी दिसेनाशी होते तिथे थांबायचं, एकही फेरी जास्त नाही. मला आता असं वाटतं की मी पटाशी घासत नाही, ती रेघ पुसते.

यात हात स्थिर व्हायला दोन महिने गेले. आता 12 मिलिमीटरची गोल पटाशी दहा मिनिटांत होते.

कोनाचं म्हणाल तर फणसासाठी मी 25 अंश ठेवते, सागाला त्याहून किंचित जास्त. सागात सिलिका असते, ती धार खाते. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाला 20 पुरतात. मऊ लाकूड म्हणून बोथट पटाशी चालेल असं वाटतं, पण उलटं आहे. मऊ लाकडाचे तंतू कापले न जाता दबतात आणि चुरगळतात, त्याला सगळ्यात तीक्ष्ण धार लागते.

दगडावरून निघालेली धार खरखरीत असते, पलीकडे आत वळलेली बारीक कड नखाला जाणवते. ती चामड्याच्या चाकावर काढायची. धार नेहमी चाकाच्या फिरण्याच्या दिशेने धरायची. उलटी धरली तर पटाशी चामड्यात घुसते आणि चाक कापलं जातं. गोल पटाशीच्या आतल्या बाजूला हे चाक पोचतच नाही. मोठ्या कंपन्या त्यासाठी निमुळती, गोल कडेची वेगळी चामडी चाकं देतात, माझ्यासोबत काही आलं नाही. मी शिवणीच्या काठ्या त्या त्या पटाशीच्या गोलाईला तासून घेतल्या, त्यांवर जुन्या चपलेचं चामडं चिकटवलं आणि पेस्ट चोळली. पाच काठ्यांत सोळा पटाश्या भागतात.

पहिली नीट लागलेली पटाशी मी बाबांकडे नेली. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. त्यांनी धार अंगठ्याच्या नखावर टेकवली, ती घसरली नाही, जागीच रुतून बसली. मग पडवीतला शिवणीचा तुकडा मागितला आणि आडव्या रेषेत एक काप घेतला. कापाच्या तळावरून बोट फिरवत म्हणाले, "रेघ नाय." धारेला दात असेल तर कापाच्या तळाशी एक बारीक उंच रेघ उरते, बोटाला लागते. फणसाच्या पिवळ्या पाकळीवर तर ती लांबून दिसते. नसेल तर पाकळी चकाकते, पॉलिश पेपर लावावा लागत नाही. मखरावर माझे निदान दोन दिवस वाचले ते यामुळे.

आता तक्रारी. पाण्याचं भांडं लहान आहे, पाणी पटाशीवरून ओघळून टेबलावर येतं. मी खाली भाताची जुनी परात ठेवते. सोबत आलेली पकड सपाट पटाशीसाठी बरी आहे, गोल पाठ तिच्यात फिरते. सायकलच्या ट्यूबची पट्टी घातल्यावर थांबली. दाब जरा वाढला की दगड अडतो, मोटर नुसती गुरगुरते. जोर लावायचं मशीनच नाही हे, पण नवीन माणूस लावतोच. दगडही मुळात पूर्ण गोल नव्हता. हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने तो सरळ केला, ते हत्यार वेगळं घ्यावं लागलं. आणि दगडाच्या एकाच जागी गोल पटाशी घासू नका, खाच पडते. पूर्ण रुंदीवर सरकवत राहा.

काम झालं की भांडं खाली घेऊन पाणी ओतून टाकायचंच. दगड अर्धा पाण्यात राहिला तर एक बाजू पाणी पिऊन जड होते आणि पुढच्या वेळी मशीन थरथरतं.

कोकणाचा स्वतःचा त्रास वेगळा. आषाढात चामड्याच्या चाकावर हिरवी बुरशी आली. आता पाऊस सुरू झाला की चाक काढून चुलीवरच्या फळीवर ठेवते, लागेल तेव्हा लावते. आधाराच्या दांड्यावर तांब (गंज) चढते, तेलाचा बोळा रोज फिरवावा लागतो. घासलेली पटाशी ओली ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत डाग पडलेला असतो. वीज गेली तर मात्र अडत नाही, दगड हाताने फिरवून शेवटचा हात मी दोनदा मारला आहे.

तुमच्याकडे तीन-चारच पटाश्या असतील तर घेऊ नका, चांगला तेलदगड आणि चामड्याची पट्टी पुरे. पंधरा-वीस असतील, त्यातल्या बऱ्याच गोल असतील आणि कोण शिकवणारं जवळ नसेल, तर घ्या. थोडे पैसे साठवून चांगली पकड येणारं घेता आलं तर आणखी उत्तम.

एक पटाशी मी अजून मशीनला लावलेली नाही. बाबांची 3 मिलिमीटरची नळी, पानांच्या शिरा काढायची. तिच्या भिंती इतक्या पातळ आहेत की ओल्या दगडावरसुद्धा दोन फेऱ्यांत कोपरा जाईल. ती रोज संध्याकाळी बाबाच त्यांच्या छोट्या दगडावर लावतात, आणि मी शेजारी बसून त्यांच्या मनगटाकडे बघते.