फोटोत म्हैस, वर मोल

एकूण ५४,२९९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "पण गेले किती?" असं कोणी विचारायला नको. गावात चाळीसेक जणांनी विचारून झालंय. प्रत्येक जण तोंडाने च्‌ च्‌ करतो आणि डोळ्यांनी हसतो.

"पाण्यात म्हैस, वर मोल" ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. माझी म्हैस तर पाण्यातही नव्हती. फोटोत होती.

आणि मी कोण? चित्रकलेचा मास्तर. तापीकाठच्या शाळेत एकतीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. सावली कुठे पडते, लांबची वस्तू लहान का दिसते, वाकलेल्या पुठ्ठ्यावरची ओळ वाकडी का दिसते, हे फळ्यावर काढून काढून माझा उजवा खांदा गेला. त्याच माणसाला एका पुठ्ठ्यानेच फसवलं. म्हणून लिहितोय, नाहीतर गप्पच बसणार होतो.

रिटायर झाल्यावर घरी एक चांगली मुऱ्हा जातीची म्हैस असावी असं मनात होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणार, नातू येणार, त्याआधी दारात म्हैस बांधायची असं सौभाग्यवतीने ठरवलेलं. (घाई माझी नव्हती, हे नोंदवून ठेवतो.) इकडे बाजारात तशा म्हशीचे सव्वा लाख सांगत होते. मोबाईलवर जाहिरात आली: हिसारची मुऱ्हा, दुसरं वेत, १४ लिटर, ९५,०००. आता म्हणाल, स्वस्त दिसलं म्हणून भुललात. तीस हजारांचा फरक म्हणजे काही फुकट नव्हे. मुऱ्हा हरियाणाचीच, मुळाशी माल स्वस्त असणार असा माझा हिशेब.

पहिला फोटो. काळी कुळकुळीत, शिंगं जिलबीसारखी वळलेली, कास ही एवढी. फोटो खालून, जवळून काढलेला, आणि माणूस उभा चार पावलं मागे. असा काढला की वासरूही हत्ती दिसतं. मला हे माहीत नव्हतं? चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी मी दोनदा नववीची पोरं एसटीने नेली आहेत. त्यांचे ते टेबलटॉप फोटो: टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड नेमका सोडून उभा केलेला देखावा. पोरं विचारायची, "सर, हे कुठलं गाव?" मी ऐटीत सांगायचो, "गाव नाही रे, टेबल आहे." तेच टेबल कोणीतरी माझ्यासमोर मांडलं, आणि मी मात्र दूध किती देईल ते विचारत बसलो.

तरी मी म्हटलं, आपण काही बावळट नाही. मी त्याला सांगितलं, पुठ्ठ्यावर माझं आडनाव, गावाचं नाव आणि आजची तारीख लिहून म्हशीजवळ धर, फोटो पाठव. ही युक्ती मला स्वतःला इतकी आवडली की मी ती शेजारच्या दोघांना सांगून आलो. वीस मिनिटांत फोटो आला. म्हैस तीच, माणसाच्या हातात पुठ्ठा, त्यावर माझं आडनाव, गाव, तारीख.

इथेच थांबायला हवं होतं. हा फोटो मी आता शंभर वेळा पाहिलाय. पुठ्ठा त्याने तिरका धरलेला, खालचा कोपरा वाकलेला. पण अक्षरं? सरळ. शिरोरेखा पट्टीने आखल्यासारखी, पुठ्ठा वाकला तरी ती वाकत नाही. पुठ्ठ्याची लांबची बाजू अरुंद दिसते, तिकडची अक्षरं मात्र जवळच्याइतकीच मोठी. त्याच्या अंगठ्याची सावली पुठ्ठ्यावर पडते आणि अक्षराजवळ आली की अक्षराखाली जाते. माझ्या आडनावात ळ आहे, गावाच्या नावातही ळ आहे. दोन्ही ळ जुळे. केसाचाही फरक नाही. हाताने काढलेली दोन अक्षरं कधीच सारखी येत नाहीत, हे अक्षरलेखनाच्या तासाला किती पिढ्यांना सांगितलं! आणि तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? "हिंदी माणूस असून ळ किती सुरेख काढलाय."

लाज वाटते, पण खरं तेच आहे. मला पुठ्ठ्यावर माझं नाव दिसलं आणि डोळे मिटले. दुसऱ्याचं नाव असतं तर मी चुका काढल्या असत्या.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असते तशीच. बयाना ५,१००. गाडीभाडं १४,५००. दाखला आणि विमा ६,२००, "म्हैस उतरली की परत". मग गाडीत चढवलेल्या म्हशीचा फोटो. आला संध्याकाळी सात वाजता, "अभी अभी लोड किया". गाडीची सावली बरोबर गाडीच्या पोटाखाली. म्हणजे भर दुपार. हे मला दिसलं बरं का, अगदी त्याच क्षणी दिसलं. मीच मनात म्हटलं, दुपारी काढून ठेवला असेल, नेट नसेल. ठगाला थाप मारावीच लागली नाही, त्याच्या वाटची मीच मारली. मग गाडी सेंधव्याला अडवली म्हणून ९,५००. शेवटी "सगळे पैसे परत करतो, फक्त १८,९९९ चा कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका". पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँकेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. तेही मी वाचलेलं आहे.

तोवर घरात सरकी ढेपेची दोन पोती येऊन पडलेली, नवं दावं, गळ्यातली घंटा. तिसऱ्या दिवशीही गल्लीतली म्हातारी ओट्यावरून विचारते, "आप्पा, म्हैस उनी का?"

उलगडा पुतण्याने केला, पाच मिनिटांत. फोटो बोटांनी मोठा केला. म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावरचे आकडे उलटे, आरशात दिसतात तसे. आणि पुठ्ठ्यावरची अक्षरं सुलटी. एकाच फोटोत आकडे उलटे आणि अक्षरं सुलटी कशी? मूळ फोटो फिरवून घेतला आणि नाव नंतर चिकटवलं. त्याने तो पुन्हा सुलटा केला, गूगल लेन्सवर टाकला, तर तीच म्हैस, तेच निळं पिंप, भलत्याच गावच्या जुन्या जाहिरातीत. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, तो गुरांच्या डॉक्टरांना दिला असता तर म्हैस कुणाची, कुठली, हे सरकारी नोंदीत पाहता आलं असतं. मी कास पाहिली. बिल्ला पाहिला नाही.

व्हिडिओ मागून उपयोग नाही, तयार असतो. चालू कॉल लावायचा आणि सांगायचं, तिच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओत, आता डावा कान दाखव. नेट स्लो आहे म्हणाला की फोन ठेवा.

आता पोलीस. लाजेपायी दोन दिवस मी कुणाला बोललो नाही, हा माझा गुन्हा, कबूल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्याच तासात फोन केला तर पैसे खात्यात अडकवता येतात, उशीर झाला की ते पुढच्या खात्यांत पांगतात. पण म्हणून ठाण्यातल्या साहेबांनी हसावं? "मास्तर, म्हैस फोटोत बघून घेता का?" अर्ज घेतला, शिक्का दिला नाही. शिक्का मागितला तर झेरॉक्स आणा. झेरॉक्स आणली तर स्क्रीनशॉटची रंगीत प्रिंट आणा. सत्तावीस पानं, २७० रुपये, हे त्या ५४ हजारांत धरलेले नाहीत. मग समजलं, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाने किंवा त्याच्या वरच्यानेच करायचा असतो, आणि ते बंदोबस्ताला. पुढच्या आठवड्यात मीटिंगला. त्यापुढच्या आठवड्यात रजेवर. आरोपीचं नाव विचारलं. मी म्हटलं, साहेब, ते मला माहीत असतं तर मीच गेलो नसतो का? त्यांनी कॉलममध्ये "अज्ञात" लिहिलं आणि मला म्हणाले, त्याचे फोटो असतील तर द्या. फोटो! सगळं प्रकरणच फोटोंचं आहे, आणि एकातही त्याचा चेहरा नाही, पुठ्ठा तोंडासमोर धरलेला. ते मला तेव्हा खटकलं नाही आणि साहेबांना अजून खटकलेलं नाही.

बँकेत तर खुर्चीही दिली नाही. "पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार तुमचाच." बरोबर आहे. पण हे सांगायला तीन खिडक्या का? शेवटी ३,४१२ रुपये कुठल्याशा खात्यात सापडले, गोठवलेत. सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. वकील पाच हजार म्हणाला. मी नमस्कार करून आलो.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा अडाणी माणूसही तोंड उघडून दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. मी शिकलेला, चष्मा लावून स्क्रीन बघत बसलो.

गेल्या आठवड्यात पुतण्याने नवी जाहिरात दाखवली. तीच म्हैस. या वेळी किंमत ८८,०००, पुठ्ठ्यावर दुसऱ्याच कोणाचं आडनाव, गाव पलीकडच्या तालुक्यातलं. मी ओळखतो ती म्हैस आता, घरच्यासारखी: डावं शिंग जरा खाली, कपाळावर चिमूटभर पांढरं, मागे निळं पिंप, पिंपावर फाटकं पोतं. त्या गावात कोणाची ओळख असेल तर आजच फोन करा. सरकी ढेप आणून ठेवली असेल त्यांनी.