टेडीचं मशीन घेताय? गॅसचा लायटर खिशात ठेवा

पेटी उत्तम, कॉइनबॉक्स भिकार. राजेंद्र नगरच्या माझ्या दुकानात झेरॉक्सशेजारी पंज्याचं मशीन (टोकन टाकून पंज्याने टेडी उचलायचं) ठेवलंय, त्याबद्दलचं माझं मत एवढंच. पण इंदुरात कुणी असलं मशीन घ्यायला निघालं असेल तर त्याने पुढचंही वाचावं.

काच जाड, दिवे झगमगीत, पंजा फिरवणारी ट्रॉली विनातक्रार सरकते. घोळ आहे तो टोकनच्या तोंडाशी. आत दोन कॉइलच्या मध्ये नमुन्याचं टोकन अडकवलेलं असतं. पडणारं टोकन त्याच्याशी जुळलं की मशीनच्या सर्किट बोर्डाकडे एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा इशारा, जाते. ती नेणारी वायर हातभर लांब, साधी, आणि अर्थिंग नावापुरतं. कॉलनीतल्या पोरांनी हे बरोबर हेरलं. गल्ल्यात टोकनं कमी आणि टेडी मात्र भराभर संपतायत, म्हणून लक्ष ठेवलं, तर एक चिरंजीव स्वयंपाकघरातला लायटर फटीशी धरून उभे. टक्! क्रेडिट एक. टक्! दोन. ठिणगी हजारो व्होल्टची, पण टिकते निमिषभर. वायर अँटेनासारखी ती पकडते आणि बोर्डाला वाटतं टोकन पडलं.

डीलरला फोन केला तर म्हणे, "भाईसाब, बच्चों को संभालो."

मग महाराणी रोडवरून शील्डेड (जाळीचं आवरण असलेली) वायर आणि असले भलते झटके शोषणारी फेराइटची कडी आणली, अर्थिंग नीट करून घेतलं. बोर्डाच्या मेनूत छोट्या पल्स गाळायची सोय निघाली, ती चालू केली. किरकोळ खर्चाचं काम. आता कितीही टकटक करा, मशीन ढिम्म.

त्याच मेनूत आणखी एक करामत आहे: पंज्याची पकड किती व्होल्टला घट्ट, किती व्होल्टला ढिली, आणि किती खेळांमागे एकदा घट्ट. हे डीलरने मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. पोराने लायटर लावला तर चोरी, आणि ही म्हणे सुविधा! १८६७चा जुगार कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सोडतो. ढिल्या पंज्यात कसलं आलंय कौशल्य? मी पकड कायम घट्ट ठेवलीय आणि टेडी लहान आणतो.

मेनूचा पासवर्ड मात्र लगेच बदला. अमेरिकेत टॉमी कारमायकल तारेच्या टोकाला बारीक दिवा लावून स्लॉट मशीनमधल्या (नाणं टाकून खेळायच्या जुगाराच्या मशीनमधल्या) नाणी मोजणाऱ्या सेन्सरचे डोळे दिपवायचा. तो निदान बाहेरचा. रोनाल्ड हॅरिस तर नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाचा, म्हणजे जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचाच माणूस. मशीन तपासता तपासता आत आपला कोड पेरून यायचा, मग ठरावीक क्रमाने नाणी टाकली की पैसे बाहेर. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत किनो या आकडे लावायच्या खेळातल्या १ लाख डॉलरच्या बक्षिसावरून त्याचं बिंग फुटलं. तेव्हा सर्व्हिसिंगला येणाऱ्याला एकटं सोडू नका.

मागच्या दाराचं कुलूपही नवं बसवा. माझी किल्ली अन्नपूर्णा रोडवरच्या एका मशीनला बिनबोभाट लागली. पाचापैकी तीन तारे, तेही पेटीचे.